पृथ्वीची नाडी पाहणारे नानाभाई मूस

मुंबईहून पुण्यास अथवा दक्षिण कोकणात जावयास निघालेल्या प्रवाशास पनवेल हे गाव चांगले परिचयाचे असते. खाडीच्या काठी वसलेले हे जुने बंदर. एके काळी येथून भाताची व मिठाची गलबते मुंबईकडे जात. आता तेथे गलबतांची वर्दळ उरलेली नाही. त्याऐवजी रेल्वे, मोटारी आणि उंच इमारती यांनी तो परिसर गजबजून गेला आहे. या गजबजाटातच, नवीन पनवेल या वसाहतीत, भारतीय भूचुंबकत्व संस्थेची वास्तू उभी आहे. या संस्थेचे काम मोठे विलक्षण आहे. वैद्य ज्याप्रमाणे रोग्याच्या मनगटावर बोटे ठेवून त्याची नाडी पाहतो, त्याप्रमाणे ही संस्था आपल्या पृथ्वीची नाडी रात्रंदिवस पाहत असते.

या नाडीपरीक्षेच्या नोंदी आजकालच्या नाहीत. त्यांचा आरंभ दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या कुलाबा भागात झाला. इतका दीर्घ काळ न तुटता चालत आलेली अशी नोंद साऱ्या जगात फार थोड्या ठिकाणी आढळते. एकदा मात्र ही नोंद कायमची तुटण्याचा प्रसंग आला होता. त्या वेळी ज्यांनी दूरदृष्टीने आणि अपार कष्टाने तिचा धागा अखंड राखला, त्यांचे नाव नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस.

नानाभाईंच्या कार्याकडे वळण्यापूर्वी पृथ्वीसंबंधी चार गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. आपली पृथ्वी गोल आहे, परंतु चेंडूसारखी अगदी तंतोतंत गोल नाही. विषुववृत्तावर तिचा व्यास १२,७५६ किलोमीटर भरतो, तर एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत तो १२,७१४ किलोमीटर भरतो. म्हणजे ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. तिच्या पृष्ठभागाचा शेकडा ७१ भाग पाण्याने व्यापलेला आहे. हे सारे आपण वरून पाहून व मोजून जाणू शकतो. परंतु पृथ्वीच्या पोटात काय आहे, हे कसे कळावे? तिच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. माणसाने आजवर पाडलेले सर्वांत खोल छिद्र अवघे १२ किलोमीटरांच्या थोडे पुढे गेले आहे. आंब्याच्या कोयीचा शोध घ्यावयास निघावे आणि साल देखील पुरती भेदली जाऊ नये, तसाच हा प्रकार!

जेथे हात पोचत नाही तेथे मनुष्य अनुमानाने पोचतो. भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून प्रवास करून बाहेर येतात, त्या तेथील काही बातमी सांगतात. दुसरी बातमी सांगते ती होकायंत्राची चिमुकली सुई. ही सुई उत्तरेकडे वळते, कारण आपली पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे. ही गोष्ट विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली आपल्या ग्रंथात मांडली. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीच्या खाली लोखंडाचा तप्त रस आहे, त्या रसाच्या हालचालीने विजेचे प्रवाह उत्पन्न होतात आणि त्या प्रवाहांमुळे पृथ्वीला चुंबकत्व प्राप्त होते, असे आता शास्त्रज्ञ सांगतात.

हे चुंबकत्व स्थिर नसते, हीच त्यातील खरी मौज आहे. होकायंत्राची सुई अगदी सूक्ष्मपणे पाहिली, तर सूर्य आकाशात चढू लागला की ती किंचित एका बाजूस सरते व पुढे परत फिरते असे दिसते. वर्षानुवर्षे तिची दिशा हळूहळू बदलत जाते. आणि मधूनच, काही कारण दिसत नसता, ती तासन् तास थरथरत राहते. त्यास चुंबकीय वादळ म्हणतात. या वादळात एक पानही हलत नाही, आकाश निरभ्र असते. परंतु सुई बेचैन होते. रोजचा बदल एका दिवसाच्या नोंदीने कळेल; वर्षांचा बदल कळावयास पिढ्या खर्ची पडाव्या लागतात. म्हणूनच या शास्त्रात अखंड नोंदीला सोन्याहून अधिक मोल आहे.

असे एक मोठे वादळ १८५९ च्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी झाले. त्यानंतर दोन महिने लोटण्यापूर्वीच, ऑक्टोबरात, पारशी समाजातील एका कुटुंबात नानाभाईंचा जन्म झाला. ज्या वादळांचा अभ्यास करण्यात या बालकाचे आयुष्य जावयाचे होते, त्यांतील सर्वांत मोठे वादळ त्याच्या जन्माच्या उंबरठ्यावर येऊन गेले, हा मोठा योगायोगच म्हणावयाचा.

त्या काळी मुंबईत नवी विद्या रुजू लागली होती. १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली होती. गणित, पदार्थविज्ञान, यंत्रविद्या या विषयांची गोडी लागलेली तरुणांची एक पिढी तयार होत होती. नानाभाई त्याच पिढीतले. त्यांनी प्रथम स्थापत्यविद्येचा अभ्यास करून मुंबई विद्यापीठाची त्या विषयातील परीक्षा दिली. पुढे ते स्कॉटलंड देशातील एडिंबरो विद्यापीठात गेले आणि तेथून विज्ञानाची पदवी घेऊन परतले. इमारत कशी बांधावी हे त्यांस ठाऊक होते आणि निसर्गाचे नियम कसे शोधावे हेही ठाऊक होते. या दोन विद्यांचा संगम पुढे एका बिकट प्रसंगी उपयोगी पडावयाचा होता. एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासदत्व दिले.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. बंदरातील जहाजांना अचूक वेळ मिळावी, आकाशस्थ ज्योतींचे वेध घेता यावेत, हा तिचा मूळ हेतू. १८४१ साली तेथे आर्थर ऑर्लेबार या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली भूचुंबकत्वाची निरीक्षणे सुरू झाली. थोर मराठी गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी आपल्या तरुणपणी याच वेधशाळेत ऑर्लेबार यांच्या हाताखाली काम केले. केरोपंत मूळचे अलिबागजवळच्या नागाव या गावचे. १८४६ पासूनची कुलाब्याची निरीक्षणे इतकी नेटकी आहेत की, पुढील शास्त्रज्ञांनी त्या वर्षापासूनच आपल्या गणनेस आरंभ केला.

हे काम किती कठीण होते याची कल्पना आज येणार नाही. आरंभीच्या काळात यंत्र आपोआप काही लिहीत नसे. बारीक धाग्याला टांगलेला चुंबक, त्यावर बसविलेला लहानसा आरसा आणि समोर एक दुर्बीण व मापपट्टी, एवढीच सामग्री. निरीक्षकाने ठरल्या वेळी दुर्बिणीत पाहावे, अंक वाचावा व वहीत लिहावा. दर तासाला असे करावयाचे. दिवसा तसेच रात्री, आषाढातील मुसळधार पावसात तसेच वैशाखातील काहिलीत. चुंबकीय वादळ सुरू झाले की तासाची वाट न पाहता दर काही मिनिटांनी अंक टिपावयाचे. पुढे प्रकाशाच्या किरणाने संवेदनशील कागदावर आपोआप रेषा उमटवणारी यंत्रे आली. तरी यंत्राची निगा राखणे, कागद बदलणे, रेषा मोजणे हे काम माणसालाच करावे लागे. या कामात कीर्ती नव्हती. कुलाब्याच्या निरीक्षकांपैकी बहुतेकांची नावेही आज कोणास ठाऊक नाहीत. परंतु त्यांनी लिहिलेले अंक मात्र राहिले आहेत.

१८९६ साली वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी नानाभाई मूस यांची नेमणूक झाली. या वेधशाळेचे प्रमुखपद भूषविणारे ते पहिले भारतीय. त्या काळी अशा जागांवर बहुधा इंग्रज अधिकारीच असत. त्यामुळे ही नेमणूक जितकी मानाची, तितकीच ती कसोटीचीही होती.

त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच, १८९७ च्या जून महिन्यात, आसामात भयंकर भूकंप झाला. त्यानंतर थोड्याच काळात मिल्न पद्धतीचे भूकंपमापक यंत्र कुलाब्यास बसविण्यात आले. हवेचा दाब, पाऊस, वारा, भूकंप आणि चुंबकत्व अशा पृथ्वीच्या नाना प्रकारच्या हालचालींवर आता त्या एका लहानशा वेधशाळेचे लक्ष राहू लागले.

परंतु लवकरच एक संकट उभे राहिले, आणि तेही अगदी अनपेक्षित दिशेने. मुंबई शहर झपाट्याने वाढत होते. १८७४ पासून रस्त्यांवर घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ट्रामगाड्या धावत होत्या. आता घोड्यांच्या जागी वीज आणण्याचा विचार सुरू झाला. नगरवासीयांस ही वार्ता आनंदाची वाटली यात नवल नाही. घोड्यांचे हाल थांबतील, प्रवास जलद होईल, गर्दी कमी होईल. परंतु वेधशाळेच्या दृष्टीने ही वार्ता म्हणजे मृत्युघंटाच होती.

असे का व्हावे? विजेचा प्रवाह जेथून वाहतो, तेथे त्याच्या भोवती चुंबकीय बल उत्पन्न होते. ट्रामला लागणारा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो; त्याचा काही अंश रुळांतून निसटून जमिनीतही पसरतो. हा निसटलेला प्रवाह माणसास जाणवत नाही, परंतु वेधशाळेतील संवेदनशील सुईस तो तत्काळ जाणवतो. गाडी सुटली की सुई हलणार, गाडी थांबली की सुई हलणार! मग सुईची कोणती थरथर पृथ्वीच्या पोटातून आली, कोणती सूर्याकडून आली आणि कोणती ट्रामगाडीमुळे आली, हे कोणी व कसे ओळखावे? भर बाजारात उभे राहून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकू पाहणाऱ्या वैद्यासारखी निरीक्षकांची स्थिती झाली असती.

या पेचातून मार्ग कोणता? शहराने ट्राम नाकारावी, असे म्हणणे योग्य झाले नसते. लोकांची सोय हीही मोठीच गोष्ट आहे. वेधशाळेने आपले काम बंद करावे, असे म्हणणेही योग्य नव्हते. साठ वर्षांची तपश्चर्या त्यामुळे पाण्यात गेली असती. तेव्हा शहराला त्याची ट्राम मिळावी आणि शास्त्राला त्याची शांतता मिळावी, असा तिसरा मार्ग शोधणे भाग होते. चुंबकीय निरीक्षणांसाठी शहराच्या गडबडीपासून दूर नवी जागा पाहण्याचे ठरले.

जागा अशी हवी होती की, ती मुंबईपासून फार दूर नसावी, म्हणजे तेथील चुंबकीय स्थिती कुलाब्याशी जुळती राहील. आणि फार जवळही नसावी, म्हणजे विजेच्या गाड्यांचा उपद्रव तेथे पोचणार नाही. विचारान्ती मुंबईच्या दक्षिणेस, समुद्रमार्गे सुमारे ३० किलोमीटरांवर असलेले अलिबाग निवडण्यात आले. आंग्र्यांच्या आरमाराचे हे जुने ठाणे. येथील समुद्रातील किल्ल्याचे नावही कुलाबा. त्याच्यावरूनच या साऱ्या जिल्ह्यास कुलाबा जिल्हा म्हणत. पनवेलही त्याच जिल्ह्यात मोडते. १९८१ साली या जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. अशा रीतीने एका कुलाब्याची वेधशाळा दुसऱ्या कुलाब्यास निघाली.

येथे नानाभाईंची स्थापत्यविद्या कामी आली. चुंबकीय वेधशाळेची इमारत साध्या घरासारखी बांधून चालत नाही. तिच्यात लोखंडाचा एक खिळाही असता कामा नये. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे सारे पितळेचे किंवा तांब्याचे हवेत. सह्याद्रीचा काळा दगड घरे, देवळे, किल्ले यांस उत्तम खरा; परंतु तो ज्वालामुखीच्या रसापासून बनलेला असून त्यात लोहाचे चुंबकीय कण असतात. तोही येथे निरुपयोगी. म्हणून सौराष्ट्रातील पोरबंदरचा फिकट रंगाचा दगड आणावा लागला, कारण त्यात असे चुंबकत्व नसते. शिवाय यंत्रे ज्या दालनात ठेवावयाची, तेथील उष्णतामान दिवसभर जवळजवळ सारखे राहिले पाहिजे. नाही तर धातू प्रसरण पावून यंत्राचा अंक चुकतो. या साऱ्या गोष्टींचा बारकाईने विचार करून ती वास्तू उभी राहिली. तिच्यात शिरणाऱ्या माणसासही खिशातील किल्ल्या व चाकू बाहेर ठेवावे लागत. पृथ्वीचा हळू आवाज ऐकावयाचा, तर आपल्या अंगावरचा लोखंडाचा गोंगाट आधी दूर करावयास नको का?

इमारत तयार झाली म्हणजे यंत्रे उचलून तिकडे न्यावीत आणि जुनी जागा बंद करावी, असे एखाद्याच्या मनात येईल. नानाभाईंनी तसे केले नाही, आणि येथेच त्यांची थोरवी दिसून येते. समजा, एखाद्या घरी धान्य मोजण्याची जुनी पायली आहे. तिने पिढ्यानपिढ्या भात मोजले गेले आहे. आता ती टाकून नवी पायली घ्यावयाची आहे. नवी पायली कसबी कारागिराने केली असली, तरी ती जुनीहून चिमूटभर लहान किंवा मोठी असणारच. मग आजोबांच्या काळी भात किती पिके आणि आज किती पिकते, याची तुलना कशी करावी? शहाणा शेतकरी काय करील? तो जुनी पायली लगेच टाकणार नाही. एकच रास काही काळ दोन्ही पायल्यांनी मोजून पाहील, आणि दोहोंतील अंतर नेमके किती हे लिहून ठेवील. त्यानंतरच तो जुनीला निरोप देईल.

नानाभाईंनी अगदी हेच केले. १९०४ साली अलिबागची निरीक्षणे सुरू झाली. परंतु कुलाब्याची निरीक्षणे बंद झाली नाहीत. १९०६ पर्यंत, दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. काम दुप्पट, खर्च दुप्पट, काळजीही दुप्पट. मुंबई व अलिबाग यांच्या मधला समुद्र पावसाळ्यात खवळला म्हणजे जलमार्गाने जाणेयेणे दुष्कर होई. परंतु या दोन वर्षांमुळे कुलाब्याचा अंक आणि अलिबागचा अंक यांतील नाते पक्के ठरले. जुन्या नोंदीच्या शेवटच्या टोकाला नव्या नोंदीचे पहिले टोक असे बेमालूम जुळले की, धागा कोठेही तुटला नाही.

हे काम पुरे झाल्यावर १९०६ साली कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे थांबविण्यात आली. पुढल्याच वर्षी, ७ मे १९०७ रोजी, मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. लोकांनी मोठ्या कौतुकाने ती पाहिली. पृथ्वीची नाडी पाहणारे यंत्र तिच्या वाटेतून वेळीच दूर झाले आहे, याची त्या गर्दीतील कितीजणांस जाणीव असेल?

नानाभाई एवढ्यावरच थांबले नाहीत. नोंदी करणे हे अर्धे काम. त्या नोंदींतून निसर्गाचा नियम शोधून काढणे हे उरलेले अर्धे. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांत पाच लाखांहून अधिक तास होतात. एवढ्या दीर्घ काळातील आकड्यांच्या राशी नानाभाईंनी समोर घेतल्या. त्या काळी गणक यंत्रे आजच्यासारखी नव्हती. बेरजा, वजाबाक्या, सरासऱ्या माणसांच्या हातांनीच करावयाच्या. जुन्या यंत्रांतील दोष शोधावयाचे, ते काढून टाकावयाचे, मग आकडे एका सूत्रात बसवावयाचे. अशा परिश्रमांतून १९१० साली त्यांचा मोठा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात निरीक्षणे व यंत्रे यांची माहिती आणि दुसऱ्यात त्या निरीक्षणांचे विवेचन, अशी त्याची मांडणी आहे.

या ग्रंथात चुंबकीय वादळांविषयी एक महत्त्वाची गोष्ट आढळते. एकेक वादळ सुटे पाहिले, तर त्यात काही शिस्त दिसत नाही. सुई वेडीवाकडी नाचते एवढेच दिसते. परंतु नानाभाईंनी अनेक वादळांच्या नोंदी एकत्र करून त्यांची सरासरी काढली, तेव्हा त्या गोंधळातून एक रूप प्रकट झाले. वादळाच्या आरंभी पृथ्वीचे क्षितिजसमांतर चुंबकीय बल एकाएकी थोडे वाढते. मग काही तासांत ते पुष्कळ घटते. आणि पुढे काही दिवसांत हळूहळू ते पूर्वपदावर येते. तापकऱ्यास आधी हुडहुडी भरावी, मग ताप चढावा आणि नंतर सावकाश उतार पडावा, तसाच हा क्रम. पृथ्वीच्या या तापाचे लक्षण मूस यांनी ओळखले, आणि पुढे सिडनी चॅपमन यांच्यासारख्या जगद्विख्यात शास्त्रज्ञांनी त्यांच्या या संशोधनाचा आधार घेतला.

या वादळांचे मूळ सूर्यात आहे, हे आता निश्चित झाले आहे. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याच्या पृष्ठभागावर कधी कधी प्रचंड स्फोट होतात आणि विद्युद्भारित कणांचा लोंढा बाहेर फेकला जातो. तो पृथ्वीपर्यंत येऊन पोचला, की तिच्या चुंबकीय कवचावर आदळतो आणि सुई थरथरू लागते. हेच कवच एरवी आपले अशा कणांपासून रक्षण करीत असते.

नानाभाईंच्या जन्माच्या आधीचे ते १८५९ चे वादळ येथे पुन्हा आठवते. त्या दिवशी अनेक देशांतील तारायंत्रे बिघडली आणि ध्रुवप्रदेशात दिसणारा रंगीत प्रकाश उष्ण प्रदेशाच्या जवळपासही दिसला. युरोपातील कित्येक यंत्रांच्या सुया मापपट्टीच्या बाहेर गेल्या. कुलाब्याच्या निरीक्षकांनी मात्र आपले काम सोडले नाही. पृथ्वीचे चुंबकीय बल त्या वेळी सुमारे १,६०० नॅनोटेस्ला एवढे घटल्याचे त्यांच्या अंकांवरून दिसते. म्हणजे मुंबईच्या नेहमीच्या क्षितिजसमांतर बलाच्या शेकडा चार भागांहून अधिक. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशातील सहकाऱ्यांसह या जुन्या नोंदींचा अभ्यास करून तो जगापुढे मांडला. त्या महावादळाचा जोर किती होता, हे सांगणाऱ्या साक्षीदारांत कुलाब्याची ही नोंद अग्रगण्य ठरली.

याचा उपयोग केवळ इतिहासापुरता नाही. १९८९ च्या मार्च महिन्यात असेच, परंतु त्याहून लहान, वादळ झाले. त्या वेळी कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पडला आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. आज आपले दूरध्वनी, विमाने, कृत्रिम उपग्रह, वीजवाहिन्या या साऱ्यांस अशा वादळांची भीती आहे. पुढील वादळ किती मोठे असू शकेल, हे जाणावयाचे तर मागील वादळांची नोंद हाच आधार. ज्या निरीक्षकाने १८५९ साली दिव्याच्या उजेडात आपली वही भरली, त्यास आपल्या अंकांचा असा उपयोग होईल, हे स्वप्नातही आले नसेल.

नानाभाईंनी जवळजवळ दोन तपे वेधशाळेची धुरा वाहिली आणि मग ते निवृत्त झाले. १९३६ साली, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी डेन्मार्क देशातील इंगे लेमन या विदुषीने भूकंपलहरींच्या अभ्यासावरून पृथ्वीच्या अगदी मध्यभागी एक निराळा गाभा आहे, असे दाखवून दिले. तो घन लोखंडाचा आहे, हे पुढे स्पष्ट झाले. पृथ्वीच्या पोटातील गुपिते अशी एकेक करून उलगडत होती.

१९७१ साली भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र संस्था म्हणून उभी राहिली, आणि कालांतराने तिचे मुख्य कार्यालय नवीन पनवेल येथे आले. अलिबागच्या वेधशाळेने २००४ साली आपल्या वयाची शंभर वर्षे पुरी केली, आणि त्यानंतरही तिचे काम चालूच राहिले आहे. मुंबईची ट्राम मात्र १९६४ साली बंद झाली. जिच्यासाठी वेधशाळेला घर बदलावे लागले ती गेली. वेधशाळेची नोंद राहिली.

पराक्रम म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे तलवार, घोडा आणि रणांगण उभे राहते. परंतु रोज ठरल्या वेळी, कोणी पाहत नसताना, आपले काम चोख करीत राहणे हाही पराक्रमच आहे. आधीच्या लोकांनी विश्वासाने हाती दिलेला धागा न तोडता पुढच्यांच्या हाती देणे, ही तर त्याहून मोठी गोष्ट होय. नानाभाई मूस यांनी ती केली. घरातील होकायंत्र हाती घेऊन त्याची सुई उत्तरेकडे वळताना आपण पाहू, तेव्हा या सुईचा सूक्ष्म कंप आयुष्यभर जपणाऱ्या त्या निष्ठावंत शास्त्रज्ञाची आठवण आपण अवश्य ठेवली पाहिजे.